गोव्यात पहिला अँग्लो-अरब किंवा अरबी संकराचा घोडा घेताना: नवख्या स्वारांसाठी मार्गदर्शन

गोव्यात स्वतःचा पहिला घोडा घेऊ पाहणाऱ्या माणसासमोर साधारणपणे तीन प्रकारचे घोडे येतात. पुणे, मुंबई किंवा बंगळूरच्या शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड, सारंगखेडा, अकलूज किंवा माळेगावच्या बाजारातून आणलेला मारवाडी वा काठियावाडी, आणि ‘अरबी क्रॉस’ अशा ढोबळ नावाने विकला जाणारा संकराचा घोडा. हा लेख या तिसऱ्या घोड्याविषयी आहे. थरोब्रेड आणि अरबी यांच्या संकरातून तयार झालेली अँग्लो-अरब ही जगभर मान्यता पावलेली जात आहे. तीच जात किंवा तिच्या जवळचा संकर गोव्याच्या उष्ण, दमट आणि वर्षातले चार महिने भिजलेल्या हवेत कसा निवडावा, कसा आणावा आणि कसा सांभाळावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी संकर समजून घ्यावा

अँग्लो-अरब जातीत फक्त दोन रक्ते येतात, थरोब्रेड आणि अरबी. थरोब्रेडची जातही मुळात इंग्लंडमधील घोड्यांवर पूर्वेकडच्या घोड्यांचे रक्त चढवून घडली. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्ये आलेले बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन हे तीन वळू, म्हणजे पैदाशीचे नर घोडे, तिच्या पितृवंशाचे मूळ मानले जातात. म्हणून अँग्लो-अरब म्हणजे शर्यतीसाठी उंच आणि वेगवान झालेल्या वंशात मूळचे चिवट रक्त पुन्हा मिसळणे होय. हे काम पद्धतशीरपणे फ्रान्सने केले. पोंपादूर येथील राजाच्या पैदास केंद्रात, जे १७६१ मध्ये सुरू झाले होते, एकोणिसाव्या शतकात मसूद हा अरबी आणि अस्लान हा तुर्की वळू थरोब्रेड माद्यांना देण्यात आला, आणि त्यांच्यापासून झालेल्या तीन माद्यांपासून फ्रेंच अँग्लो-अरबची वंशावळ चालू झाली. हंगेरीत गिद्रान आणि पोलंडमध्ये माओपोल्स्की या जाती अशाच मिश्रणातून उभ्या राहिल्या.

या संकराला बहुपयोगी का म्हणतात, याचे उत्तर रामझेस या घोड्यात मिळते. १९३७ मध्ये पोलंडमध्ये जन्मलेला हा पांढरा अँग्लो-अरब वळू पुढे जर्मनीत पैदाशीसाठी वापरला गेला. त्याच्या संततीत उड्यांच्या स्पर्धांत चमकलेले घोडेही निघाले आणि ड्रेसाजमध्ये, म्हणजे स्वाराच्या सूचनेवर ठरलेल्या हालचाली करण्याच्या स्पर्धेत, वरच्या पातळीवर पोहोचलेलेही निघाले. उडीसाठी मागच्या पायांची ताकद आणि धाडस लागते, तर ड्रेसाजसाठी लवचिक पाठ आणि स्वाराच्या बारीक सूचनेकडे सतत लागलेले लक्ष लागते. हे दोन्ही एका वंशात सहसा सापडत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातील वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. होर्मुझहून निघालेली अरबी घोड्यांची गलबते पश्चिम किनाऱ्यावरील ज्या बंदरांत लागत, त्यांत गोवा अग्रभागी होता. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतल्यानंतर हा व्यापार आपल्याच हाती राहावा यासाठी पोर्तुगीजांनी जिवाचे रान केले, कारण विजयनगर आणि विजापूर या दोन्ही सत्तांना घोडदळासाठी तेच घोडे हवे होते. घाट चढून गेलेले अरबी रक्त दख्खनच्या लहान, काटक तट्टांत मिसळले आणि त्यातून मराठी फौजांचे भीमथडी घोडे घडले. सत्तरीत आणि डिचोलीत शिगम्याला घोडेमोडणी हे लाकडी घोड्यांचे नृत्य पाहिलेल्या माणसाने हा संबंध एकदा मनात आणावा, असे मला मनापासून वाटते.

आता व्यवहाराकडे येऊ. अरबी रक्त किती आहे, यावर घोड्याचा घाट बराच अवलंबून असतो. अमेरिकेतील नोंदणीत अँग्लो-अरब म्हणवून घेण्यासाठी किमान २५ आणि कमाल ७५ टक्के अरबी रक्त असावे लागते. अरबी वळू आणि थरोब्रेड घोडी यांचे शिंगरू निम्मे अरबी असते; ते शिंगरू मादी असेल आणि मोठे झाल्यावर पुन्हा थरोब्रेडला दिले, तर पुढचे शिंगरू पाव अरबी होते. थरोब्रेडकडून उंची, लांब ढांग, तिरका खांदा आणि वेग येतो. अरबीकडून दमदारपणा, टणक खूर, उष्णता सोसण्याची क्षमता आणि तल्लख बुद्धी येते. अँग्लो-अरबची उंची बहुधा ६२ ते ६७ इंचांच्या दरम्यान असते. मात्र दोन शुद्ध जातींच्या पहिल्या संकरातील भावंडे एकमेकांसारखी निघण्याचा संभव अधिक असतो, तर संकराला संकर दिल्यावर गुण विखुरतात आणि एकाच आईबापांची दोन शिंगरे अगदी वेगळ्या बांध्याची व स्वभावाची होऊ शकतात. म्हणून ‘क्रॉस आहे, दोन्हीचे चांगले गुण आले आहेत’ हे विक्रेत्याचे वाक्य गृहीत धरू नये. दोन्हीचे दोषही येऊ शकतात; थरोब्रेडचे पातळ तळव्याचे खूर आणि अरबीची चटकन बिचकण्याची वृत्ती एकाच घोड्यात आली, तर नवख्याला तो झेपत नाही.

माझे मत विचाराल तर गोव्यासाठी निम्मे किंवा त्याहून अधिक अरबी रक्त असलेला घोडा घ्यावा. त्याची कारणे पुढे उष्णतेच्या भागात येतील.

घोडा पाहण्यापूर्वी

घोडा विकत घेण्याआधी किमान एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा दुसऱ्याच्या घोड्यांसोबत काढावा. स्वारी शिकणे हा त्याचा एक भाग झाला. पहाटे तबेला झाडणे, खरारा करणे, खूर उचलून साफ करणे, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मोजून देणे आणि नालबंद काम करत असताना घोडा धरून उभे राहणे, हा उरलेला आणि मोठा भाग आहे. जो माणूस वर्षभर हे आनंदाने करतो, त्याने घोडा घ्यावा.

त्यानंतर नालबंदाचा प्रश्न सोडवावा. गोव्यात घोड्यांची संख्या कमी असल्याने नालबंद सहज मिळत नाही, आणि पुष्कळ वेळा तो बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याहून बोलवावा लागतो. खुरांची छाटणी साधारण सहा आठवड्यांनी झालीच पाहिजे, म्हणून आसपासच्या दोन-चार घोडेमालकांनी मिळून एकाच दिवशी नालबंद आणण्याची व्यवस्था आधी ठरवून ठेवावी. घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य कोण, रात्री तो येऊ शकेल का, हेही आताच विचारून घ्यावे. गुरांवर उत्तम उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टराला घोड्याच्या पोटदुखीचा अनुभव असतोच असे नाही.

आपले वजनही मोजावे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वमान्य संकेत आहे. काटा नसेल तेथे घोड्याचे वजन फितीने काढता येते: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १८० आणि लांबी १६० असेल, तर वजन सुमारे ४३६ किलो येते, म्हणजे त्या घोड्यावर खोगिरासह ८७ किलोपर्यंत भार चालेल. धिप्पाड माणसाने बारीक हाडाच्या अरबी संकराच्या मोहात पडू नये.

पहिला घोडा आठ ते चौदा वर्षांचा आणि खच्ची केलेला असावा. तरुण, अर्धवट शिकलेला घोडा स्वस्त मिळतो आणि नवखा स्वार त्याच्यासोबतच शिकेल अशी कल्पना गोड वाटते, पण दोघांनाही काही येत नसताना अपघात होतात. वळू तर नवख्याने घेऊच नये.

निवड आणि तपासणी

कागदपत्रांपासून सुरुवात करावी. भारतातील थरोब्रेडची वंशनोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते आणि शर्यतीच्या घोड्याला ओळखपत्र व मायक्रोचिप असते, म्हणून आई किंवा बाप नोंदलेला थरोब्रेड असल्याचा दावा असेल, तर तो पडताळून पाहता येतो. अरबी बाजूचा कागद मात्र पुष्कळदा नसतो. तो नसेल तर घोडा वाईट ठरत नाही. फक्त ‘अँग्लो-अरब’ या नावाची किंमत देऊ नये, समोर उभ्या असलेल्या घोड्याची द्यावी. आत वळलेला चेहरा, उंच धरलेली शेपटी आणि मोठ्या नाकपुड्या एवढ्यावरून अरबी रक्ताचे प्रमाण कोणालाच सांगता येत नाही.

घोडा पाहायला सकाळी लवकर आणि शक्यतो आधी वेळ न कळवता जावे. तो तबेल्यात मोकळा असताना कसा उभा राहतो, माणूस जवळ येताच कान मागे पाडतो का, दाराशी सतत डुलतो का, लाकूड दातांत धरून हवा गिळतो का, हे खोगीर चढल्यावर कळत नाही. मग त्याला कठीण, सपाट जमिनीवर सरळ चालवून आणि दुडकीत पळवून दाखवायला सांगावे. दुडकीत प्रत्येक पावलाला डोके वर-खाली होत असेल तर पुढच्या पायात दुखणे आहे असे समजावे. खूर चारही उचलून पाहावेत: तळवा आत वळलेला असावा, मधली मऊ चौरी रुंद आणि कोरडी असावी, काळा स्राव आणि कुजका वास नसावा. संकराच्या घोड्यात खूर कोणाकडून आले आहेत, हे मी सर्वांत आधी पाहतो, कारण बाकीचे पुष्कळ दोष शिकवणीने आणि खुराकाने सुधारतात, पातळ भिंतीचा खूर फारसा सुधारत नाही. पुढच्या पायांच्या मागच्या शिरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे कंडरे, वरून खाली बोटांनी चाचपाव्यात. शर्यतीत पळालेल्या थरोब्रेडमध्ये आणि त्याच्या संकरातही तेथे जुनी सूज किंवा गाठ आढळू शकते.

यानंतर विक्रेत्याच्या माणसाने घोड्यावर बसून दाखवावे, नंतर आपल्या शिक्षकाने बसावे आणि शेवटी आपण. कदम, दुडकी, कँटर आणि थांबणे या चारही गोष्टी दोन्ही बाजूंनी करून पाहाव्यात. शेवटी लगाम सैल सोडून घोडा शांतपणे चालतो का, हे बघावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. पहिल्या दिवशी दमवून किंवा औषध देऊन शांत केलेला घोडा दुसऱ्या दिवशी खरा स्वभाव दाखवतो.

पशुवैद्याची तपासणी आपण नेमलेल्या डॉक्टराकडूनच करून घ्यावी. डोळे, हृदय, दात, सांधे वाकवून केलेली चाचणी आणि गरजेनुसार पायांचे एक्स-रे एवढे तरी व्हावे. ग्लँडर्स आणि घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय या दोन रोगांसाठी रक्त तपासून अहवाल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या आजारांच्या निदानाचे काम हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र करते. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि बाधित जनावर उपचार न करता मारावे लागते.

जागा

तबेला भरावाच्या किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, सखल जमिनीवर बांधू नये. तेथे पाणी तुंबते, डास होतात आणि खूर कायम ओले राहतात. जांभ्या दगडाचा थोडा उंचवटा असलेली जागा उत्तम. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, दोन बाजूंनी भरपूर वारा आणि प्रत्येक घोड्याला किमान बारा फूट लांब व बारा फूट रुंद खण असावा. पत्र्याचे बुटके छत टाळावे. जमिनीला उतार आणि बाहेर चर असावा, आणि दगडी जमिनीवर रबरी चटया अंथराव्यात. कुंपणाला काटेरी तार कधीही वापरू नये.

घराभोवतीची झाडे तपासणे लोक विसरतात. गोव्यात अंगणाच्या कडेला लावलेली कण्हेर घोड्याला विषारी आहे, आणि तिची वाळलेली पानेही तितकीच घातक असतात. घाणेरी, धोत्रा आणि एरंडही दूर ठेवावेत. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत काजूच्या बागेला लागून घोडा बांधत असाल, तर मार्च ते मे या काळात खाली पडून आंबलेल्या बोंडूंवर त्याला सोडू नये. गोड फळांचा अतिरेक पोटदुखीला आणि खुरांच्या दाहाला कारण होतो. काजूच्या टरफलातील तेलाने तोंडाची कातडी भाजते, हेही लक्षात ठेवावे.

घोडा हा कळपाचा प्राणी आहे. त्याला एकट्याला ठेवणे ही त्याच्यावरील कठोरता आहे, आणि अरबी रक्ताचे संवेदनशील घोडे एकटेपणात लवकर बिघडतात. दुसरा घोडा शक्य नसेल तर निदान तट्टू किंवा शेळी सोबतीला असावी आणि रोज काही तास मोकळे फिरता यावे.

आणणे आणि पहिले आठवडे

घाटमार्गाने घोडा आणताना गाडी हिवाळ्यात, रात्री किंवा पहाटे निघावी. १९७८ च्या जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांनुसार प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्याचे प्रमाणपत्र सोबत लागते. ते आणि रक्ताचे अहवाल चालकाजवळ ठेवावेत. आंबोली, चोर्ला किंवा अनमोड, कोणताही घाट असला तरी वळणांवर घोडा तोल सांभाळण्यासाठी सतत स्नायू ताणत असतो, त्यामुळे दर तीन-चार तासांनी थांबून पाणी द्यावे आणि त्याला काही वेळ डोके खाली करू द्यावे. डोके सतत वर बांधून आणलेल्या घोड्याला छातीचा संसर्ग होऊ शकतो.

पोहोचल्यावर दोन ते तीन आठवडे त्याला इतर घोड्यांपासून वेगळे ठेवावे आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहावा. निरोगी घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे आपल्याला पाठ असले पाहिजेत, तरच आजारी पडल्यावर फरक कळेल. पहिला आठवडा स्वारी नको. हाताने धरून परिसर दाखवावा, खरारा करावा, आवाजाची ओळख करून द्यावी.

या संकराला शिकवताना धडे लहान ठेवावेत. तो एका-दोन वेळांत समजतो आणि दहाव्या वेळी वैतागतो. स्वाराचा हात जड असेल तर तो डोके वर करून पाठ खोलगट करतो, आणि हात हलका असेल तर तोच घोडा मान मोकळी करून खाली येतो. चुकीबद्दल मारल्यास त्याला चूक आठवत नाही, मार आठवतो, आणि तो फार काळ आठवतो. अशा घोड्याजवळ रोज तीच माणसे असावीत. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, वारंवार बदलू नये, त्याला योग्य वेतन आणि सुट्टी द्यावी, कारण घोड्याचे निम्मे शिक्षण खोगिराशिवाय त्याच्याच हातून होते.

वैरण आणि चंदी

गोव्यात सहज मिळणारा भाताचा पेंढा घोड्याचे मुख्य अन्न होऊ शकत नाही. त्यात पोषण कमी असते आणि तो भरपूर खाल्ल्याने आतड्यात गोळा होऊन अडकू शकतो. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते, म्हणजे वरच्या उदाहरणातील ४३६ किलोच्या घोड्याला साडेसहा ते पावणेनऊ किलो. चांगले वाळलेले गवत आणि थोडा लसूणघास ही जोडी उत्तम, पण ती बहुधा घाटावरून येते. म्हणून भाव ठरवून नोव्हेंबर ते मार्चमध्ये खरेदी करावी आणि पावसाळा संपेपर्यंतचा साठा मेच्या मध्यापर्यंत आत घ्यावा.

साठा लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर आणि मध्ये वारा खेळेल असा रचावा. बुरशी आलेले गवत वाळवून किंवा झटकून देऊ नये. ते टाकून द्यावे. पेंड आणि मक्याच्या पोत्यांनाही हीच काळजी लागू आहे, कारण दमट हवेत त्यांत धरणारी बुरशी यकृताला विषारी असते.

चंदीची आवश्यकता कामावर ठरते. दिवसाला तासभर हलकी स्वारी असलेल्या अरबी संकराला पुरेशी वैरण आणि खनिज मिश्रण बहुधा पुरते. थरोब्रेडकडे झुकणारा घोडा मात्र अंग टिकवण्यासाठी ओट किंवा जव मागतो. भिजवलेले हरभरे देण्याची आपली जुनी पद्धत आहे, ती मुठीच्या प्रमाणात ठीक. नुसता कोंडा रोज भरपूर घालणे मात्र थांबवावे, कारण त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असल्याने हाडे कमजोर होतात. चंदी एकदम न देता दोन-तीन वेळांत विभागून द्यावी आणि खुराकातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. रोज दोन मोठे चमचे साधे मीठ चंदीत मिसळावे. पाणी चोवीस तास समोर असावे. गोव्याच्या उन्हात घोडा दिवसाला पन्नास लिटरही पिऊ शकतो.

उष्णता, घाम आणि कामाची वेळ

घोडा घामाने थंड होतो, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. यासाठी स्वारांमध्ये एक सोपा ठोकताळा वापरला जातो: फॅरनहाइटमधील तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करावी. ती १३० च्या खाली असेल तर चिंता नाही, १५० च्या वर गेली की काम हलके आणि थोडके ठेवावे, आणि १८० च्या वर स्वारी करू नये. मे महिन्यात पणजीत सकाळी ८४ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर बेरीज १६४ होते. म्हणजे सूर्य नुकता उगवलेला असतानाही घोड्याला कष्टच पडत असतात.

उष्ण व दमट प्रदेशात काही घोड्यांचा घाम येणेच हळूहळू बंद होते. कामानंतर कातडी कोरडी, नाकपुड्या फुललेल्या, श्वास भात्यासारखा आणि ताप चढलेला, अशी लक्षणे दिसली की तत्काळ काम थांबवून डॉक्टरांना बोलवावे. हा विकार थरोब्रेडमध्ये अधिक आढळतो, आणि थरोब्रेडचे अंश कमी असलेला संकर गोव्यासाठी मी सुचवतो त्यामागे हे मोठे कारण आहे. बारीक अंगलट आणि पातळ कातडी यांमुळे अरबी घोडा शरीरातील उष्णता लवकर बाहेर टाकतो.

स्वारीनंतर गरम घोड्यावर गार पाणी ओतू नये, हा समज चुकीचा आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या संशोधनातून गार पाण्याचा सतत मारा सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचे स्पष्ट झाले. मान, छाती, पोट आणि पुठ्ठ्यांवर पाणी ओतत राहावे, सावलीत हळू चालवावे आणि श्वास शांत होईपर्यंत हे चालू ठेवावे.

किनाऱ्यावरील स्वारी हे अनेकांचे स्वप्न असते, म्हणून त्याविषयी दोन गोष्टी. ओल्या, घट्ट वाळूवर कदम आणि थोडी दुडकी चालेल. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पळवल्यास पायांच्या शिरा ओढल्या जातात, आणि उंच, लांब पायांच्या संकराला हा धोका विशेष असतो. परत आल्यावर पाय आणि पोट गोड्या पाण्याने धुवावे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालतात, तेथे घोडा नेऊ नये. इतर किनाऱ्यांवरही आधी पंचायत आणि पर्यटन खात्याकडे विचारणा करावी.

पावसाळा आणि त्यानंतर

जून ते सप्टेंबर हे चार महिने गोव्यातील घोडेमालकाची खरी परीक्षा घेतात. खूर दिवसातून दोनदा साफ करून कोरडे करावेत. चौरीतून काळा, दुर्गंधी स्राव दिसला तर नालबंदाकडून कुजलेला भाग काढून घ्यावा आणि डॉक्टरांनी दिलेले औषध लावावे. पाठीवर पुंजक्यांनी केस निघू लागले आणि खाली खपल्या आढळल्या, तर तो ओल्या कातडीतील संसर्ग असतो. खपल्या हळुवार काढून अंग पूर्ण कोरडे ठेवावे लागते आणि त्या जागेवर खोगीर घालता येत नाही. प्रत्येक घोड्याचा खरारा आणि कापड वेगळे असावे.

मोठ्या रक्तपिपासू माश्यांपासून पसरणारा सर्रा हा रोग पावसाळ्यात आणि त्यानंतर उद्भवतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो, घोडा खात असूनही वाळत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. अशा वेळी ताप असतानाच रक्त तपासावे. या रोगावर लस नाही, म्हणून शेण रोज दूर हलवणे, जाळ्या लावणे आणि पंखे चालू ठेवणे हा मुख्य बचाव आहे. धनुर्वाताची लस मात्र दरवर्षी द्यावीच, कारण खुरात गेलेला एक गंजका खिळाही पुरतो.

पोटदुखी कोणत्याही ऋतूत होऊ शकते, पण पावसाळ्यात घोडा कमी हलतो, कमी पाणी पितो आणि खुराकात बदल झालेला असतो, त्यामुळे तेव्हा अधिक जपावे. खुराने जमीन उकरणे, पोटाकडे मान वळवून पाहणे, वारंवार बसणे-उठणे, लोळणे आणि लीद न टाकणे ही तिची चिन्हे आहेत. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून आतील दाब वाढत जातो. खाणे काढून घ्यावे, नाडी मोजावी, डॉक्टरांना ती संख्या फोनवर सांगावी आणि ते येईपर्यंत शांतपणे चालवत राहावे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक देऊ नये. वेदना दबली की आजाराची तीव्रता झाकली जाते. तोंडात तेल किंवा काढा ओतण्याचा घरगुती उपाय करू नये, तो फुफ्फुसात जाऊ शकतो.

चार महिने हलके काम केलेल्या घोड्याला पाऊस थांबताच पूर्वीच्या वेगाने पळवू नये. दसऱ्याला घोड्याची पूजा करून लगेच दौड मारण्याची हौस असते. पूजा जरूर करावी, झेंडूची माळ घालावी, गोड घास चिमूटभरच द्यावा, आणि दौड डिसेंबरपर्यंत लांबवावी. पहिले दोन आठवडे केवळ कदमाची तासभर फेरी, पुढचे दोन आठवडे त्यात पाच-पाच मिनिटांची दुडकी, त्यानंतर चढाची वाट आणि शेवटी कँटर, असा क्रम ठेवला तर शिरा आणि हाडे स्नायूंच्या बरोबरीने तयार होतात. याच दिवसांत दात तपासून टोके घासून घ्यावीत, लिदेची तपासणी करून जंतांचे औषध ठरवावे, आणि खोगीर पुन्हा पाठीवर ठेवून पाहावे, कारण पावसाळ्यात पाठीचा आकार बदललेला असतो आणि जूनमध्ये नीट बसणारे खोगीर ऑक्टोबरमध्ये खांद्यामागच्या उंचवट्यावर घासू लागते.